चालू मशीन असताना बीटा कशाला?

"मशीन व्यवस्थित चालतंय, मग अर्धवट ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाकून का बघता? आणि त्यासाठी वेगळी डिस्क कशाला, व्हर्च्युअल मशीन आहे की!" हे मला वरचेवर विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नकली संगणकात, बीटा (ओएसची चाचणीसाठी दिलेली अपुरी आवृत्ती) बहुधा गुणी मुलासारखी वागते, कारण तिथलं ग्राफिक्स आणि नेटवर्क कार्ड साधं, ठरावीक साच्याचं असतं. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का, उघडल्यावर वायफाय परत जोडलं जातं का, दुसरा मॉनिटर लावला की स्क्रीन काळी पडते का, हे खऱ्या हार्डवेअरवरच कळतं. आणि माझ्याकडे जे हार्डवेअर आहे ते ओएस बनवणाऱ्यांकडे असेलच असं नाही.

विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट आठवा. डॉक्युमेंट्ससारखा फोल्डर दुसरीकडे वळवलेल्या काहींच्या जुन्या फोल्डरमधल्या फाइल्स त्यात पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला वितरण थांबवावं लागलं. चटका लावणारी गोष्ट ही, की चाचणी करणाऱ्या काही जणांनी हे आधीच कळवलं होतं. तक्रारी थोड्या होत्या, म्हणून गर्दीत हरवल्या. त्यांच्यात आणखी थोडे आवाज मिसळले असते तर? मी बीटा वापरतो ती यासाठी.

आता डिस्क. बीटा वेगळ्या डिस्कवर इन्स्टॉल करताना मुख्य डिस्क काढूनच ठेवा, निदान बायोसमधून (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमधून) बंद करा. काही इन्स्टॉलर ओएस तुम्ही सांगाल त्या डिस्कवर टाकतात, पण बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्राम) मात्र पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे त्यासाठी राखलेल्या भागात, ठेवतात. मग बीटाची डिस्क काढली तरी तिचा पसारा मुख्य डिस्कवर मागे राहतो. मुख्य डिस्क जोडलेलीच नसेल तर हा प्रश्नच येत नाही. नंतर दोन्ही लावून बूट मेन्यूतून हवी ती निवडता येते. विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) असेल तर तिची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सही असलेली ओएस सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद केल्यावर ती मागितली जाऊ शकते. बीटा चालू असताना मुख्य डिस्क माउंट करू नका, म्हणजे बीटातून उघडू नका, आणि एकमेव प्रत असलेली कुठलीही फाइल बीटावर ठेवू नका.

दोष सापडला की "चालत नाही" एवढंच लिहून भागत नाही. बिल्ड क्रमांक (बीटाची नेमकी आवृत्ती), हार्डवेअरचं मॉडेल, काय केल्यावर झालं, पुन्हा तसंच केल्यावर होतं का, आणि लॉग (ओएसने ठेवलेली घडामोडींची नोंद), एवढं द्या. तसाच दोष कुणी आधी नोंदवला असेल तर नवी तक्रार न करता त्याच नोंदीत आपलं हार्डवेअर जोडा.