अपॉइंटमेंट ऑर्डरची झेरॉक्स

परवा चुलत नणंदेचा फोन आला. ती पण आता तालुक्याच्या गावी एका इंग्लिश मीडियमला लागलीय, बीए झालंय, डीएड बीएड काही नाही, पगार साडेपाच हजार आणि तोही हातात. म्हणे वहिनी, नोकरी न सोडता शिक्षकाचं ट्रेनिंग करता येतं ना, तुम्ही केलं तसं? मी म्हटलं अगं येतं, पण मी ज्या दारानं आत आले ते दार आता बंद झालंय. मग पाऊण तास बोलत बसलो, तेवढ्यात दूध उतू गेलं ते वेगळंच. तेच सगळं इथं टाकतेय, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो.

मी शाळेत लागले ती नर्सरीला मदतनीस म्हणून. मुलांना बाथरूमला नेणे, डबे उघडून देणे, रडणाऱ्याला कडेवर घेणे एवढंच काम. दिवाळीनंतर दुसरीच्या मिस सोडून गेल्या आणि सरांनी मला सांगितलं उद्यापासून तुम्ही बघा दुसरी. झाले मी टीचर! तेव्हा बारावीवर होते, बीए मुक्त विद्यापीठातून चालू होतं. असं अनट्रेन्ड लागून पुढं वर्षानुवर्षं शिकवत राहिलेले लोक प्रायव्हेट शाळांत किती आहेत ते आतल्या माणसालाच माहीत.

मग २०१७ ला आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या प्रत्येकानं ३१ मार्च २०१९ पर्यंत ट्रेनिंग पूर्ण करायचं, नाहीतर घरी बसायचं. त्यासाठी एनआयओएसनं, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळा मंडळानं, अठरा महिन्यांचं डीएलएड काढलं, म्हणजे आपल्या जुन्या डीएडसारखाच डिप्लोमा, खास नोकरीत असलेल्यांसाठी. फॉर्म ऑनलाइन, त्यात शाळेचा यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख नंबर, टाकायचा आणि हेडमास्तरांनी व्हेरिफाय करायचं, म्हणजे तुम्ही खरंच शाळेत आहात हे शाळेनंच कबूल करायचं. आमच्याकडं तिघीजणींचं इथंच अडलं, कारण शाळेच्या कागदावर त्या शिक्षिका नव्हत्याच. माझं झालं ते केवळ क्लार्कच्या कृपेनं.

आमचं सेंटर पंढरपूरला होतं आणि आम्ही सांगोल्याहून येष्टीनं जायचो. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी आणि सुट्टीत संपर्क वर्ग, हजेरी ७५ टक्के पाहिजेच. कार्तिकीच्या तोंडावरचा एक रविवार मला जन्मात विसरायचा नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नाही, माझ्या मांडीवर असाइनमेंटची फाइल आणि फाइलवर एका आजींची तुळस, मधेच त्या म्हणाल्या काय गं बाई परीक्षा हाय का, मी म्हटलं हो आजी, तर म्हणाल्या मग पांडुरंगाला सांगते तुझं पण. असाइनमेंटवर मातीचा डाग पडला तो तसाच जमा केला.

लेक्चर मोबाईलवर ‘स्वयं’ या सरकारी पोर्टलवर आणि डिशवर ‘स्वयंप्रभा’च्या चॅनलला असायची. मी बघायचे म्हणजे ऐकायचे, भाकरी थापता थापता. पण एक सांगते, नोकरी करत शिकण्यात जी मजा आहे ती रेग्युलरवाल्यांना नाही मिळत. आधी मी हातच्याची वजाबाकी नुसती फळ्यावर करून दाखवायचे आणि निम्मा वर्ग बावन्नातून सत्तावीस काढताना सातातून दोन वजा करून मोकळा, उत्तर पस्तीस. वर्कशॉपला काड्यांचे दहाचे गठ्ठे करून शिकवलं, सोमवारी मी झाडूच्या काड्या आणि रबरबँड घेऊन वर्गात. एक पोरगा गठ्ठा सोडताना म्हणाला, मिस म्हणजे हे सुट्टे करून आणण्यासारखं आहे, आमच्या दुकानात करतात तसं. त्या दिवशी मला पण हातचा कळला, खोटं कशाला बोलू.

मार्च २०१९ ला शेवटचे पेपर दिले, पास झाले, आणि वाटलं सुटलो. कसलं काय. नंतर अठरा महिन्यांचा कोर्स चालतो का नाही यावर जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. नोव्हेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हा कोर्स दोन वर्षांच्या डिप्लोमाच्या बरोबरीचा नाही, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री कोणी झोपलं नसेल. मग डिसेंबर २०२४ ला कोर्टानंच खुलासा केला की जे १० ऑगस्ट २०१७ ला नोकरीत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ च्या आत कोर्स पूर्ण केला त्यांचा धरायचा.

आता आली का पंचाईत. १० ऑगस्ट २०१७ ला मी नोकरीत होते हे सिद्ध कसं करायचं? ती शाळा मी कधीच सोडली होती. फोन केला तर म्हणे तुमचं रेकॉर्ड सापडत नाही. पगार रोख, त्यामुळं बँकेत काही नाही. दोन दिवस कपाट उपसलं आणि सासूबाईंच्या ऑपरेशनच्या फाइलमधे रेशनकार्डाच्या झेरॉक्सला चिकटलेली माझ्या अपॉइंटमेंट ऑर्डरची झेरॉक्स सापडली, लेटरहेडवरच्या चार ओळी, तारीख १५ जून २०१७, जांभळा शिक्का अर्धाच उमटलेला. शाळा दरवर्षी जूनला ऑर्डर द्यायची आणि एप्रिलअखेर कामावरून काढून टाकायची, म्हणून मी त्या कागदाला कागद समजतच नव्हते. ओरिजिनल तर कधी गेली तेही आठवत नाही.

म्हणून नणंदेला म्हटलं कोर्सचं मागनं बघू. आधी ठरव पहिली ते पाचवीला शिकवायचंय का वर, कारण ऑगस्ट २०२३ पासून पाचवीपर्यंत बीएड चालत नाही, डीएलएडच पाहिजे. आपल्या मुक्त विद्यापीठाचं नाहीतर केंद्राच्या मुक्त विद्यापीठाचं, इग्नूचं, बीएड नोकरी करत करता येतं, पण त्याला आधीच डीएड डीएलएडसारखं काहीतरी झालेलं लागतं आणि ग्रॅज्युएशनला ५० टक्के, राखीवला थोडी सवलत. तिच्याकडं ते नाही. मग राहतं रेग्युलर डीएलएड नाहीतर रेग्युलर बीएड, दोन्ही दोन वर्षं हजेरीसकट, म्हणजे नोकरी सोडा. याला सरळ उत्तर नाही आणि याचाच फायदा घेऊन एजंट फिरतात, घरबसल्या बीएड, हजेरीची काळजी नको, फक्त पैसे. त्या नादाला लागू नकोस म्हटलं, सर्टिफिकेट उद्या कुठल्या टेबलावर अडेल सांगता येत नाही.

आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहेच. १५० प्रश्न, १५० मिनिटं, ओपनला ९० मार्क. मी दोनदा आपटले, तिसऱ्यांदा ९३ वर काठावर निघाले. आता तर सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी राहिलीय त्या जुन्या लोकांना पण दोन वर्षांत टीईटी पास व्हायचंय. आमच्या ओळखीचे एक गुरुजी, वीस वर्षं झेडपीत काढलेले, पेपरचं कव्हर घातलेलं गाइड घेऊन बसतात, पोरांना दिसू नये म्हणून. मला वाईटच वाटतं त्यांचं, पण खरं सांगू का, आम्ही नवीन लोक परीक्षा देत होतो तेव्हा हेच म्हणायचे की त्यात काय अवघड आहे.

शेवटी तिला विचारलं, तुझी अपॉइंटमेंट ऑर्डर कुठंय? म्हणे ऑर्डर? सरांनी तोंडी सांगितलंय. मी म्हटलं उद्या शाळेत गेल्या गेल्या अर्ज दे, पोच घे, आणि मस्टरवर तुझं नाव आहे का ते डोळ्यांनी बघ.

आज संध्याकाळी तिचा मेसेज आलाय, सर म्हणाले पुढच्या आठवड्यात देतो. मी कळवलंय, जावक नंबर टाकूनच घे, आणि शिक्का पूर्ण उमटवायला सांग.