पप्पांच्या नावापुढचे हात

जून २०२२. शुक्रवार होता आणि मला चारला निघून सांगलीची गाडी पकडायची होती, त्यामुळे अकराला आलेलं तिकीट, म्हणजे बिघाडाची तक्रार, बघून आधी बरंच वाटलं. 'काही ग्राहकांचे कॉन्टॅक्ट अपलोड होत नाहीत. प्रायॉरिटी हाय.' असले बग मला आवडतात. सगळ्यांचं चालतं, थोड्यांचंच अडतं, म्हणजे कारण कुठेतरी नेमकं दडलेलं असतं.

आमचं ऑफिस पुण्यात बाणेरला, पंचवीस-तीस जणांचं, दुसऱ्यांसाठी ॲप बनवणारं. क्लायंट मोबाइलवर छोटी कर्जं देणारा. नोंदणीकृत एनबीएफसी (बँक नसलेली वित्तकंपनी), करारमदार सगळं रीतसर. हे मुद्दाम सांगते, कारण आदल्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाचा अहवाल आला होता आणि त्यात भारतात मिळणाऱ्या सुमारे ११०० कर्जाच्या ॲपपैकी ६०० बेकायदा असल्याचं म्हटलं होतं. ती बातमी आम्ही टपरीवर चहा पिताना वाचली आणि आपण त्या ६००मधले नाही, असं एकमेकांना सांगून टाकलं. खरंच नव्हतो.

आमचं ॲप पहिल्यांदा उघडलं की कॉन्टॅक्टची परवानगी मागायचं. नाही म्हटलं तर अर्ज पुढे सरकायचा नाही. हो म्हटलं की फोनमधली झाडून सगळी नावं आणि नंबर आमच्या सर्व्हरवर. हा कोड माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेला. दीड वर्षात त्या फाइलला माझा हातही लागला नव्हता.

लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. एका नावातले चार बाइट डेटाबेस घ्यायला तयार नव्हता. यूटीएफ-एट म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, आणि त्यातला जुना 'यूटीएफ-एट' हा नावापुरताच यूटीएफ-एट आहे, एका अक्षराला तीन बाइटच्या वर जागा देत नाही. देवनागरी तीनांत बसते, म्हणून 'आत्या' बिनबोभाट जाते. बहुतेक इमोजींना चार लागतात. त्यात आमच्याकडे सगळी यादी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये जायची, म्हणजे एक नाव अडलं की अख्खी यादी माघारी.

थोडक्यात, कुणी एखाद्या नावापुढे चित्र टाकलं असेल तर तो आमच्या तावडीतून सुटत होता. त्याच्याबरोबर त्याच्या फोनमधले सगळेच.

नेमकं कुठे अडलंय ते बघायला मी एक फसलेली रिक्वेस्ट उघडली. ती लॉगमध्ये अख्खीच्या अख्खी पडलेली होती (हीसुद्धा चूकच, पण त्या दिवशी ती सोयीची होती). ६१२ नावं. मी वाचत खाली गेले. गॅसवाला नवीन. रिक्षा शाळा. चिनूच्या बाई. भावजी पैसे द्यायचेत. बँक उचलू नको. आयव्हीएफ सिस्टर. मग पप्पा, आणि पुढे जोडलेले दोन हात. इथेच अडलं होतं.

मी पुन्हा 'आयव्हीएफ सिस्टर'वर आले. नवराबायकोने घरात कुणाला सांगितलं असेल-नसेल, मला मात्र बाणेरमध्ये बसून कळलं होतं.

मॅनेजरकडे गेले. म्हटलं, "हे आपल्याला लागतं कशाला?"

"अल्टरनेट नंबर म्हणून. फोन उचलला नाही तर."

"मग दोन रेफरन्स त्यालाच टाइप करायला लावू. सहाशे कशाला?"

"अगं, कन्सेंट घेतोय ना आपण. लीगलने पास केलंय."

लीगलचं खोटं नव्हतं. आयटी कायद्याखालच्या २०११च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी आहे. पासवर्ड, बँक आणि कार्डाचे तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक वगैरे. दुसऱ्याच्या फोनमध्ये सेव्ह असलेला तुमचा नंबर त्यात कुठेच नाही. आता त्या नंबरच्या नावातच आजार लिहिलेला असला तर तो नंबर धरायचा की आरोग्य, हे मी विचारलं. तो हसला. "सेमिनारला विचार," म्हणाला. आणि कन्सेंट म्हणाल तर एकाने दिली होती. बाकीच्या ६१२ जणांना आमच्या ॲपचं नावही ठाऊक नव्हतं.

"पुढच्या स्प्रिंटला रेफरन्सचं बघू. आज हे सोड, वसुलीवाले मागे लागलेत."

वसुलीवाले? तिकीट सपोर्टकडून आलंय असं मी धरून चालले होते. परत येऊन त्या ग्राहकाचं खातं बघितलं. हप्ता चुकून चौदा दिवस झाले होते.

इथे मी काहीतरी बाणेदार केलं असं लिहायला आवडलं असतं. मी टेबलाचं कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदललं, कनेक्शनचं बदललं, स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) इमोजीवालं नाव टाकून बघितलं आणि पावणेचारला लाइव्ह केलं. फिक्स दोन ओळींचा होता. फसलेले अपलोड ॲप आपणहून पुन्हा पाठवायचं, त्यामुळे आणखी काही करायची गरजच नव्हती. मला गाडी मिळाली. कराडच्या आसपास फोनवर डॅशबोर्ड उघडला तर आकडे चढत होते.

सोमवारी त्या खात्यावर टेलिकॉलरची नोंद होती: 'वडिलांशी बोलणे झाले. कर्जाची माहिती नव्हती. मुलाला सांगतो म्हणाले.' वेळ शनिवार सकाळ, नऊ वाजून दहा मिनिटं. त्याखाली रविवारची दुसरी नोंद: 'पूर्ण रक्कम जमा, दंडासह.' दुपारी क्लायंटची मेल आली. अडकलेली खाती मार्गी लागल्याबद्दल टीमचे आभार, आणि सीसीत माझं नाव.

रेफरन्सचं काम पुढच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या पुढच्या फेरीला, आलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मी दोनदा तिकीट काढलं, दोन्ही बॅकलॉगच्या, म्हणजे मागे ठेवलेल्या कामांच्या यादीच्या, तळाशी गेली. मग २ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जांच्या मार्गदर्शक सूचना आल्या. कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली, कॉन्टॅक्ट, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन लागलंच तर केवायसीपुरतं, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. जे तीन महिने बॅकलॉगमध्ये पडून होतं ते आठवड्याच्या आत झालं. परवानगी काढायचं काम माझ्याकडेच आलं आणि तेही फार मोठं निघालं नाही.

तेव्हा मी लेखी विचारलं, की आत्तापर्यंत जमवलेल्याचं काय? महिन्याभराने लाइव्ह टेबल रिकामं करायला परवानगी मिळाली. ते मीच केलं. बॅकअपमधल्या प्रतींचं विचारलं तर उत्तर आलं, त्या ऑडिटसाठी ठेवायच्या आहेत.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. २०२३च्या ऑगस्टमध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला तेव्हा नव्या ऑफिसात आम्हाला त्याचं ट्रेनिंग होतं. आपली माहिती पुसून टाका, असं सांगायचा हक्क त्यात माणसाला दिलाय. शिकवणाऱ्या वकीलबाईंना मी विचारलं, ज्याला आपला नंबर कुणाकडे आहे हेच माहीत नाही, त्याने कुणाला सांगायचं? त्यांनी प्रश्न वहीत लिहून घेतला आणि पुढची स्लाइड लावली.