नाकाची फाईल वेगळी, छातीची वेगळी

शिंका आणि चोंदलेलं नाक यासाठी माझे कान-नाक-घशाचे डॉक्टर वेगळे होते, रात्रीचा खोकला आणि धाप यासाठी वेगळे. दोन्हीकडच्या गोळ्यांनी त्रास काही दिवस दबायचा आणि पुन्हा डोकं वर काढायचा. शेवटी छातीच्या एका डॉक्टरांनी दोन्ही फायली शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, "श्वासाची वाट एकच आहे. वर सूज असताना खाली शांतता कशी राहील?"

आधी स्पायरोमेट्री झाली. नळीत जीव खाऊन फुंकायचं, पंपाने औषध ओढायचं, जरा थांबून पुन्हा फुंकायचं. औषधानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वाढली, तर दम्याचा संशय पक्का होत जातो. माझी वाढली. मग श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजला. प्रौढांमध्ये तो ५० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत ५० भाग) वर असेल तर ॲलर्जीच्या जातीची सूज आहे आणि स्टिरॉइडचा पंप लागू पडेल असं धरतात. माझा वरच निघाला.

ॲलर्जी नेमकी कशाची ते शोधणाऱ्या प्रिक टेस्टसाठी ॲलर्जीच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. सगळ्या प्रवासात हेच दिवस मला सर्वांत जड गेले. टेस्ट त्यामानाने किरकोळ: हातावर ॲलर्जी आणू शकणाऱ्या पदार्थांच्या थेंबांची रांग, प्रत्येकावर एक बारीक टोचणी आणि पंधरा-वीस मिनिटं न खाजवता बसणं. तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांध उठली तर ती धरतात. धुळीतल्या माइटच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याच्या) थेंबाखाली माझी चांगली टपोरी उठली. पण नुसती गांध म्हणजे आजार नव्हे, ती लक्षणांशी जुळायला हवी, हे डॉक्टरांनी बजावलं.

उपचारात खरा बदल पंपाचा झाला. धाप लागली की ओढायचा सालब्युटामॉलचा पंप माझ्या खिशात कायम असे. त्याने नळ्या तात्पुरत्या उघडतात, सूज तशीच राहते. म्हणूनच २०१९ पासून 'जिना' या दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शनात नुसत्या त्याच्यावर भागवू नका असं सांगितलं आहे. मला सूज उतरवणारं स्टिरॉइड ब्युडेसोनाइड आणि नळ्या उघडणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप मिळाला आणि जोडीला नाकात स्टिरॉइडचा स्प्रे. स्टिरॉइड म्हटलं की घरचे दचकतात. पण पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. पंपानंतर चूळ भरायची आणि स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या भिंतीकडे धरायचं. हे दुसरं मला याआधी कुणीच दाखवलं नव्हतं.

दमा आटोक्यात आल्यावरच इम्युनोथेरपीची, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावण्याची, इंजेक्शनं सुरू झाली. कल्पना जुनी आहे: लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांवर ती १९११ मध्ये मांडली. निदान तीन वर्षं नेटाने घ्यायची आणि दर वेळी सुई टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं, कारण क्वचित मोठी रिॲक्शन येऊ शकते.

बायोलॉजिक औषधांबद्दलही मी विचारलं, म्हणजे सूज पेटवणारा शरीरातला एकेक नेमका रेणू अडवणाऱ्या प्रथिनांच्या इंजेक्शनांबद्दल. ओमालिझुमॅब आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाला अडवतं, मेपोलिझुमॅब इंटरल्युकिन-५ या सूज वाढवणाऱ्या निरोप्या रेणूला, टेझेपेलुमॅब त्याहून वरच्या पायरीवरच्या टीएसएलपी या निरोप्याला. पण ही औषधं पंप नीट आणि पुरेसा घेऊनही आवरत नाही अशा तीव्र दम्यासाठी. "तुम्ही त्या रांगेत नाही," डॉक्टर म्हणाले. पुढच्या स्पायरोमेट्रीनंतर पंपाचा डोस उतरवता येतो का ते बघणार आहेत. इंजेक्शनं चालूच राहतील.