आमना वावरनी मोटारमा चुंबक कोठे ऱ्हास?

शाळेत जाऊन पोरांना मोटार बनवून दाखवायची, त्याच्या परवानगीतच पहिला महिना गेला. शाळा म्हणे वरचं पत्र आणा, वरचे म्हणे कॉलेजचं आणा, कॉलेज म्हणे शाळेनं मागणी केलीय का? शेवटी तिन्ही कागद एकाच दिवशी हातात पडले. तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती, त्यामुळे पारोळा तालुक्यातल्या त्या जिल्हा परिषद शाळेत पहिल्या शनिवारी सातवीची निम्मी पोरं वावरातच होती.

आम्ही जळगावच्या कॉलेजातले पाच जण, थर्ड इयर इलेक्ट्रिकल. बेत साधा होता. मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, जुन्या स्पीकरमधला चुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी, एवढ्यात मोटार फिरवून दाखवायची. खर्च वाचावा म्हणून रिवायंडिंगच्या दुकानातून भंगारातली तार फुकट आणली होती. दुसऱ्या बाकावरच्या पोरीनं ती नाकाला लावली आणि म्हणाली, "मॅडम, हाई जयेल तार शे." तिचे वडील जळालेल्या मोटारींत नवी तार भरतात, तिला वासावरून कळलं. तारेवरचं वार्निश जळून गेलं होतं, वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होत होते. गुंडाळी जागची हलली नाही. पहिला शनिवार असा गेला.

दुसऱ्या खेपेला नवी तार विकत घेतली. सहा गटांपैकी एकाची मोटार फिरली, बाकीच्यांच्या नुसत्या अर्ध्या वळून माघारी यायच्या. पोरांनी तारेची दोन्ही टोकं पॉलिशपेपरनं घासून लखलखीत केली होती. चूक पोरांची नव्हतीच, 'नीट घासा रे' असं मीच सांगितलं होतं. एक टोक पूर्ण घासायचं, पण दुसऱ्याची एकच बाजू, वरची किंवा खालची. म्हणजे अर्ध्या फेऱ्यात करंट जातो, अर्ध्यात तुटतो आणि गुंडाळी आपल्या ओढीनं उरलेला फेरा पुरा करते. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर पहिल्या अर्ध्यात मिळालेला धक्का पुढच्या अर्ध्यात उलटा बसतो. आम्ही टोकाला नेलपॉलिश लावून अर्धी बाजू परत झाकली. मग मात्र वर्गात जो गलका झाला, तो ऐकून मुख्याध्यापक धावत आले.

त्या गलक्यातच त्याच पोरीनं विचारलं, "मॅडम, आमना वावरनी मोटारमा चुंबक कोठे ऱ्हास?"

नसतोच. थ्री फेज इंडक्शन मोटारीत असा चुंबक नसतो. मला मोटारीच्या वेगाचं सूत्र, १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, पाठ होतं, दोन पोलला मिनिटाला ३००० फेरे हेही पाठ होतं. पण वायर न जोडलेला रोटर, म्हणजे मोटारीतला फिरणारा भाग, कशाच्या जोरावर फिरतो, हे सातवीला कसं सांगायचं? 'पुढच्या शनिवारी सांगते' म्हणाले आणि एसटीत बसून पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

उत्तर फार जुनं निघालं. फिरती तांब्याची चकती जवळच्या चुंबकसुईला आपल्याबरोबर ओढते, हे १८२४ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ अ‍ॅरागोला दिसलं होतं. का ओढते, ते १८३१ मध्ये फॅरेडेनं उलगडलं. आम्ही कोल्ड्रिंकचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन कापून खालचा भाग घमेल्यातल्या पाण्यावर तरंगवला. लॅबच्या भंगारातल्या हार्ड डिस्कमधला चुंबक दोऱ्याला बांधला, दोऱ्याला पीळ दिला आणि चुंबक डब्यात अधांतरी सोडला. चुंबक गरगरला. जरा वेळानं डबाही त्याच दिशेनं, सावकाश, फिरायला लागला. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे पोरांनी आधीच तपासून घेतलं होतं.

टाळ्या पडल्या. ती गप्प. मग म्हणाली, "हाऊ डबा वाराघाई फिरी ऱ्हायना."

आमच्या पाचांपैकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. चुंबक फिरतो म्हणजे हवाही फिरवतो, बरोबरच आहे. तिनंच मागून प्लॅस्टिकचा ग्लास आणला, तो त्याच मापानं कापला, पाण्यावर ठेवला. पीळ तेवढाच, चुंबक तोच. ग्लास ढिम्म. पुन्हा कॅन ठेवला, फिरला. असं तीनदा केलं, कारण ती ऐकेना.

मग मी सांगितलं, तुझ्या वावरच्या मोटारीत कुणी चुंबक फिरवत नाही. तीन फेजचा करंट एकामागून एक वाढतो-उतरतो, त्यामुळे आतलं चुंबकत्वच गोल फिरतं. रोटर म्हणजे हा डबा.

"मंग एक फेज गया ते मोटार नुसती गूं गूं का बरं करस?"

बोलून सांगत बसले नाही. चुंबक तिच्या हातात दिला, म्हटलं आता गोल नको, नुसता डावी-उजवीकडे हलव. तिनं हलवला. डबा जागच्या जागी थरथरला. तिनं तो जरा वेळ न्याहाळला.

"अशीच करस," ती म्हणाली.