‘नोंद आढळत नाही’ हा शिक्का खोडून काढताना : एका कष्टकरी घराचा इतिहास शोधण्याचा अनुभव

‘नोंद आढळत नाही’ असा शिक्का मारून जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातून माझा अर्ज परत आला, तेव्हा हवी असलेली नोंद त्याच इमारतीत मागच्या खोलीतल्या कपाटात होती. बाकीची सगळी कागदपत्रं मिळवायला गेला नाही एवढा वेळ त्या एका शिक्क्यापायी गेला. अजून राग येतो, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

शोध होता पणजोबांचा. भुदरगडकडून पोट भरायला कोल्हापुरात आलेले, शाहूपुरीत गुळाच्या पेठेत हमाली करणारे, आणि १९१८ च्या मोठ्या तापाच्या साथीत गेले असं घरात सांगतात ते. ना जमीन, ना घर. अशा माणसाची लेखी खूण राहते ती बहुधा त्याच्या मृत्यूच्या नोंदीत, म्हणून ती सोडून चालत नव्हतं.

खिडकीवरच्या छापील अर्जात आडनाव आणि इंग्रजी तारीख लागते. कारकून ते संगणकात घालतो, काही येत नाही, शिक्का पडतो. पण संगणकात नंतरच्या काळातल्या नोंदी चढवलेल्या असतात. १९१८ ची नोंद हाताने लिहिलेल्या वहीत असते, तीही मोडी लिपीत. शिक्क्याचा खरा अर्थ ‘संगणकात नाही’ एवढाच, पण तसं कोणी लिहून देत नाही.

वही उघडली तरी अडथळे होतेच. पहिला आडनावाचा. हमाल, मजूर, बलुतेदार यांच्या नोंदी त्या काळात ‘रामा बिन सखाराम’ (सखारामचा मुलगा रामा) अशा पडतात, आडनावाशिवाय. बाईची नोंद ‘कोम’ लावून नवऱ्याच्या नावाने. म्हणजे अर्जात स्वतःचं नाव, बापाचं नाव, पेठ आणि जात एवढं द्यावं, आणि आडनाव कंसात. हाकेचं नावही द्यावं, कारण खबर देणारा शेजारी तेच सांगायचा.

दुसरा अडथळा सालाचा, आणि माझं काम सगळ्यात जास्त यानेच अडवलं. कोल्हापूर संस्थानच्या दप्तरांत फसली साल, म्हणजे महसुली वर्ष, चालायचं आणि ते जूनमध्ये मृगाला बदलतं. इसवी सन काढायला जून ते डिसेंबरमध्ये फसली सालात ५९० मिळवायचे, जानेवारी ते जूनपर्यंत ५९१. साथ सर्वात तीव्र होती ती १९१८ च्या ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे फसली १३२८ मध्ये. पण १९१८ म्हटलं की माणूस १३२७ ची वही काढतो, कारण १३२७ चा शेवटही १९१८ मध्येच येतो. शके असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर ७८ आणि त्यापुढे ७९. नुसतं इसवी साल देऊन थांबू नका, तिन्ही सालं अर्जातच लिहून द्या. खिडकीवर उभं राहून हिशोब समजावत बसायला समोरच्याला वेळ नसतो.

तिसरं म्हणजे क्रम. नोंद मृत्यूच्या तारखेला पडत नाही, खबर मिळाल्याच्या तारखेला पडते. साथीच्या दिवसांत खबर उशिरा यायची. त्यामुळे घरच्यांना आठवणाऱ्या तिथीच्या पुढचे किमान दोन-तीन महिने वाचायला सांगा.

गाडं पुढं सरकलं ते अर्ज बदलल्यावर. ‘मृत्यूचा दाखला मिळावा’ हे वाक्य काढून टाकलं. त्याजागी जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १७ चा उल्लेख करून, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंतच्या नोंदवह्यांत शोध घ्यावा, नोंद न आढळल्यास कोणत्या वह्या तपासल्या ते लेखी कळवावं, असं लिहिलं. वह्यांची नावं लिहून द्यायची म्हटल्यावर कोणालातरी कपाट उघडावंच लागतं.

त्याच्या जोडीला माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, छायाप्रतीला पानाला दोन रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. पण यात नोंद मागू नका, यादी मागा: ‘१९१५ ते १९२० या काळातील जन्म-मृत्यूच्या उपलब्ध वह्यांची यादी आणि त्यांचं प्रत्यक्ष निरीक्षण’. वही नष्ट झाली म्हणाले तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मागायची. अभिलेखांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं आणि ‘अ’ वर्ग कायम जपायचा असतो. कायम जपायची वही ‘कुठेतरी गेली’ हे उत्तर कागदावर लिहायला कोणी धजावत नाही. माझ्या बाबतीत यादी आली आणि वहीही निघाली.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा जुनी मोडी दप्तरं मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. तेव्हा तपासलेल्या वह्यांची यादी आहे का, हे आधी विचारा. मोठा फेरा वाचतो.

दाखल्यापेक्षा पानाची प्रत का, तेही सांगतो. मृत्यूच्या दाखल्यावर कारण दाखवायचं नाही, असं कायद्यातच आहे. जुन्या वहीत मात्र कारणाचा रकाना असतो. तिथं बहुतेक ओळींत नुसतं ‘ताप’ दिसतं. पणजोबांपुढेही तेच होतं. पण त्या पानावर एकाच पेठेतली माणसं ओळीने त्याच कारणाने गेलेली दिसली, आणि घरात सांगत आलेली गोष्ट खरी ठरली. ते पान बघून समाधान वाटलं, आणि ते दाखल्याने झालं नसतं.

मोडी वाचकाला पान देताना वहीचं मुखपृष्ठ, रकान्यांची डोकी आणि आधीचं-नंतरचं पान यांचेही फोटो द्या. एकटी ओळ वाचणं अवघड, लिहिणाऱ्याची वळणं शेजारच्या ओळींवरून कळतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्दही सुटे नसतात, म्हणून नाव लागत नसेल तर गावाचं नाव आधी लावून बघायचं. फोटो घेताना उजेड बाजूने पडू द्या, फ्लॅश नको, आणि छायाप्रतीसाठी वही उलटी दाबू नका, शिवण तुटते.

बाकीचे टप्पे सरळ गेले. आजोबांचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मिळालं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यामुळे त्यानंतर मजुरांची पोरंही पटावर दिसू लागतात. जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी अंदाजे घातलेली समजा, जन्मगावाचा रकाना मात्र जपून उतरवा. आजोबा पुढे शाहू मिलमध्ये लागले. तिथल्या कामगारांसाठी घरातली ट्रंक आधी उचका: पगारपत्रक, हजेरीचा पास, फंडाचा कागद. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, त्याआधी सुटलेल्याचं नाव फंडात शोधून उपयोग नाही. बदली कामगारांचं नाव कायम हजेरीपटावर नसायचं, हेही लक्षात ठेवा.

गावाकडं भावकीची जमीन असेल तर जुने फेरफार काढा. वारसाच्या फेरफारात सगळी भावंडं एका जागी मिळतात, शहरात गेलेलाही. सुगीनंतर येणारा हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, चार-पाच पिढ्या सांगतो, त्या लिहून घ्या, पण फेरफाराशी ताडूनच धरा. लेकी-सुनांची नावं त्याच्याकडे क्वचितच असतात.

आणि हे खरं तर पहिल्यांदा सांगायला हवं होतं: मूळ गाव १९४९ च्या विलीनीकरणाआधी कोणाच्या अंमलाखाली होतं ते बघा. करवीर, पन्हाळा, भुदरगड, शिरोळ, आळते, गडहिंग्लज हे दरबारचे पेटे, म्हणजे तालुके. कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड या जहागिरी, त्यांचं दप्तर वेगळं. रायबाग तर आता कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. तिकडचा अर्ज तिकडेच करावा लागतो.