याब्लोनेत्सचा हार गाठवताना

पिशवीतून काढतानाच हाराचा दोरा तुटला आणि चार मणी घरंगळत टेबलाखाली गेले. आधी चपला काढल्या, मग मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर बसून चारही शोधले. एकही फुटला नव्हता.

हार प्रागच्या कोल्बेनोव्हा भागातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळाला. पिवळट हिरव्या काचेचे पैलूदार मणी, मधला बोराएवढा आणि मानेकडे जाताना वाटाण्यापर्यंत उतरत गेलेले. विकणाऱ्या आजी एवढंच म्हणाल्या, "याब्लोनेत्स."

उत्तर बोहेमियातलं हे गाव. जर्मन लोक त्याला गाब्लोन्त्स म्हणत. इथले मणी आणि बांगड्या आपल्याकडेही बोटी भरभरून यायच्या. काम घराघरांत वाटलेलं असायचं. एका घरी काचेची कांडी तापवून साच्यात दाबायची, दुसऱ्या घरी पैलू पाडायचे, तिसऱ्या घरी ओवायचं, आणि माल परदेशी जायचा तो निर्यातदारामार्फत. त्यामुळे करणाऱ्याचं नाव दागिन्यावर सहसा सापडतच नाही. मॅक्स आणि नॉर्बर्ट नायगर हे भाऊ इथले नावाजलेले, पण त्यांचे बहुतेक दागिनेही बिननावाचे. दोघे ज्यू होते, नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारले गेले. आज इजिप्शियन नक्षीचं काहीही दिसलं की विक्रेते बिनधास्त 'नायगर' म्हणून चिठ्ठी लावतात, याचा मला मनापासून राग येतो.

नाव नाही, म्हणजे वस्तूच वाचावी लागते. हे मी नुकसान करून शिकले. पहिल्या वर्षी लाल खड्यांचा एक ब्रूच घरी आणला आणि चांदी धुवावी तसा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवला. खड्यांच्या मागे बेगड असते हे ठाऊक नव्हतं. पाणी कोंदणात शिरलं आणि सकाळी सात खडे काळे पडलेले. बेगड गेली की खडा मेला, तो पुन्हा चमकत नाही. तेव्हापासून जुन्या खड्यांना पाण्याचा थेंब लावत नाही. मऊ कोरडा ब्रश, बस.

दुसरा धडा शिक्क्याचा. हार अडकवायच्या फाशावर 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' दिसलं की मी हुरळायचे. पण तो देश १९१८ ते १९९२ होता. मधली जर्मन ताब्यातली वर्षं सोडली तरी केवढा मोठा काळ! शिक्क्याने देश कळतो, दशक नाही. शिवाय जुना फासा काढून नव्या मण्यांना लावता येतो. एका विक्रेत्याने मला नेमकं हेच विकलं होतं. मण्यांची भोकं स्वच्छ, दोरा नायलॉनचा, आणि फासा मात्र काळवंडलेल्या पितळेचा.

म्हणून या वेळी कात्री हातात घेण्याआधी दोन दिवस नुसती बघत बसले. मणी दाताला लावले. काच गार लागते, प्लास्टिक लागत नाही. अंधारात अतिनील टॉर्च धरला तर सगळे मणी हिरवेगार पेटले, म्हणजे युरेनियमची काच. यानेही वय ठरत नाही, ही काच पुढेही होत राहिली. भिंगातून पैलू पाहिले तर एकाही मण्याचे दोन पैलू सारखे नव्हते, आणि भोकांच्या कडेला काच घासून पांढुरकी झालेली. हे मात्र मुद्दाम करणं सोपं नाही.

मग मखमलीच्या तुकड्यावर मणी उतरत्या क्रमाने मांडले, फोटो काढला, दोरा कापला. लहानपणी आईबरोबर रविवार पेठेत पटवेकऱ्याकडे जायचे. तो दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताण धरायचा आणि बोटांनी सरसर गाठी मारायचा. मीही अंगठ्याला दोरा बांधून पाहिला, पण मला ताण सांभाळेना. शेवटी उशीला सेफ्टी पिन टोचली, सुईने गाठ मण्याला भिडेपर्यंत सरकवायची युक्ती जमली. रेशमी दोरा घेतला. नायलॉन टणक वाटतो. अर्धा हार झाल्यावर मोजला तर गाठींमुळे लांबी वाढत होती. जुन्या ओवणीत प्रत्येक मण्यामागे गाठ नव्हतीच, फक्त फाशापाशी होती! सगळं उसवलं आणि जसं होतं तसं ओवलं. तीन संध्याकाळी गेल्या.

जुना दोरा बाहेरून मातकट राखाडी झाला होता. कापल्यावर पाहिलं तर मण्यांच्या आत असलेला भाग अजून हिरवा होता, अगदी काचेच्या रंगाला जुळेल असा रंगवलेला. काच पारदर्शक असते आणि आतला दोरा दिसतो, हे त्या ओवणाऱ्या बाईने आधीच लक्षात घेतलं होतं.

मी पांढरा रेशमी दोरा वापरला होता. परत उसवला. आता हिरवा आणलाय, आणि जुन्याचे तुकडे छोट्या डबीत हाराशेजारीच ठेवलेत.