पूर ओसरल्यावर माणूस कागदात अडकते

पूर आला की पहिले दोन-चार दिवस गावात गाड्यांची रांग लागते, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे, आणि देणाऱ्यांचं मन मोठं असते यात वादच नाही. आमच्या वर्धा नदीकाठानं नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडचा ३० जुलै १९९१ चा पूर पाहिला आहे, २०० च्या वर माणसं गेली त्यात, त्यामुळे धावून येणाऱ्याची किंमत इथं सगळ्यांना माहीत आहे. पण गाड्या परत गेल्या की नुकसानीचा पंचनामा सुरू होते अन् तिथं सोबत कोणीच नसते.

नियम लई बारीक आहेत. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात पीक किमान ३३ टक्के गेलं तरच मदत, कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये (राज्य सरकार कधी वाढवून देते). वावरात साचलेला गाळ काढायला हेक्टरी १८,००० आहेत पण थर ३ इंचाच्या वर पाहिजे, आणि अल्पभूधारकाची जमीनच खरडून गेली तर ४७,०००. पंचनामा करणाऱ्या तलाठ्याकडे गावं बरीच, किती वेळ थांबणार तो एकेका वावरात? म्हणून गाळ काढायच्या आधी त्यात टेप उभा धरून फोटो काढा, धुऱ्यावरचं झाड फोटोत येऊ द्या, म्हणजे वावर कोणतं ते ओळखू येते.

मला सगळ्यात जास्त लागते ते ठोक्यानं, म्हणजे ठरलेले पैसे देऊन दुसऱ्याचं वावर वाहणाऱ्याचं. बियाणं त्याचं, खत त्याचं, उसनवारी त्याची, आणि मदत जाते सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात! नवरा गेल्यावर फेरफार झाला नाही, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं नाही, अशा बायांचंही तेच, वावरात राबते ती पण यादीत नाव मेलेल्या माणसाचं. यादीत नाव आलं तरी बऱ्याचदा सेवा केंद्रात केवायसी, म्हणजे बोटाचा ठसा देऊन ओळख पटवणं, करावी लागते अन् निंदण करून करून बोटाचे ठसेच उमटत नाहीत, मग म्हातारी माणसं रिकाम्या हातानं परत.

मदत करणाऱ्या मंडळांनो, कपड्याची एक गाडी कमी पाठवा, पण फेरफाराचे अर्ज भरून देणारी, तहसीलला सोबत जाणारी दोन पोरं महिनाभर गावात ठेवा. आणि ठोकेवाल्यासाठी काही करायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास हरभऱ्याचं बियाणं द्या, त्याला सातबारा न मागता.